एचबीए१सी आणि आपल्याकडचा सिकलसेल
"तीन महिन्यांतून एकदा एचबीए१सी केली की झालं, रोज बोट कशाला टोचायचं?" असं मधुमेही म्हणतात. हे गडचिरोलीकडे सरसकट चालत नाही. कारण सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी; ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसच. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवलं असेल तरी भरवसा नाही. अशांना ग्लुकोमीटर बरा, नाहीतर फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी).

बोट टोचायचं तेही वेळ पाहून. केमोसोबत सकाळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की साखर दुपारनंतर चढते. आमच्या काकाजींची उपाशीपोटी ११०, सायंकाळी ३०० च्या वर! डॉक्टरांनी विचारेपर्यंत सायंकाळची कुणी मोजलीच नव्हती.