शिडीच्या गणितात मोमेंटचं समीकरण जुळत का नाही?

पहिलं_सेमिस्टर:
५ मीटर लांब, २०० न्यूटन वजनाची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे. पाया भिंतीपासून ३ मीटरवर, वरचं टोक ४ मीटर उंचीवर. बरोबर मध्यावर ६०० न्यूटन वजनाचा माणूस. जमिनीशी म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.४. घर्षण आणि भिंतीची रिॲक्शन काढायची आहे.

जमिनीची नॉर्मल रिॲक्शन (जमिनीचा वरच्या दिशेचा लंब आधार) ८००, म्हणून घर्षण ०.४ × ८०० = ३२०. आडवी बलं समान, म्हणून भिंतीची रिॲक्शनही ३२०. पण पायाभोवती मोमेंट (बल × लंब अंतर, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम) घेतले की एकीकडे ३२० × ४ = १२८० येतात, दुसरीकडे ८०० × १.५ = १२००. पुस्तकातलं उत्तर ३०० आहे. एफबीडीत (शिडीवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीत) एकही बल सुटलेलं नाही, मग फरक कशाचा?

लंबअंतर:
एफबीडी ठीक आहे. घर्षणाची किंमत समीकरणं मांडण्याआधीच ठरवलीत, तिथे घोटाळा झाला. म्यू गुणिले नॉर्मल म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादा. गणितात 'घसरण्याच्या बेतात' असे शब्द असतील तरच ती किंमत धरायची. एरवी घर्षण हे अज्ञात बल आहे आणि समतोलाला लागेल तेवढंच ते येतं.

इथे अज्ञात तीन: जमिनीची नॉर्मल, घर्षण, भिंतीची रिॲक्शन. समीकरणंही तीन. मोमेंट पायाभोवतीच घ्या, कारण पहिली दोन अज्ञातं तिथूनच जातात आणि समीकरणातून गळतात. भिंतीची रिॲक्शन × ४ = १२००, म्हणजे ३०० न्यूटन. घर्षणही ३००, दिशा भिंतीकडे. मग मर्यादेशी ताडून पाहा: ३०० हे ३२० पेक्षा कमी, शिडी टिकते. ही तपासणी शेवटी करायची, सुरुवातीला नाही.

वजनाचं अंतर तुम्ही १.५ घेतलंत ते अचूक. पुष्कळजण इथे शिडीवरून मोजलेले २.५ मीटर घालतात. वजन उभं खाली जातं, तेव्हा लंब अंतर आडवंच मोजायला हवं.

टेकू:
हेच गणित थोडं पुढे न्या, फार शिकवतं. माणूस पायापासून शिडीवरून 'स' मीटर चढला, तर त्याचं आडवं अंतर ०.६ स. मग भिंतीची रिॲक्शन = (३०० + ३६० स) ÷ ४. ती ३२० झाली की शिडी घसरते, म्हणजे स = २.७२ मीटर. मध्यापासून जेमतेम २२ सेंटिमीटर वर! टोकापर्यंत जायचं तर ५२५ न्यूटन घर्षण लागेल, म्हणजे म्यू किमान ०.६६.

आता पाया आत घ्या, उंचीच्या एक चतुर्थांशावर. माणूस अगदी टोकाला असला तरी (२०० × ०.५ + ६०० × १) ÷ ४ = १७५ न्यूटन पुरतात, म्यू ०.२२. शिडी लावताना चारास एक हे प्रमाण सांगतात, त्यामागचं गणित हेच.

पहिलं_सेमिस्टर:
समजलं. आणखी एक शंका. भिंतीलाही घर्षण असेल तर अज्ञातं चार होतात. मग वरच्या टोकाभोवती आणखी एक मोमेंट समीकरण मांडलं तर सुटेल का?

लंबअंतर:
नाही सुटणार. एका प्रतलातल्या दृढ वस्तूला स्वतंत्र समीकरणं तीनच. चौथं समीकरण आधीच्या तिनांतूनच निघतं. त्याचा उपयोग पडताळ्यापुरता: तुमच्याच गणितात वरच्या टोकाभोवती ८०० × ३ − ३०० × ४ − ८०० × १.५ = ०, म्हणजे उत्तर बरोबर.

दोन्हीकडे खडबडीत असेल आणि शिडी घसरण्याच्या बेतात असेल, तर दोन्ही टोकं एकदमच सरकतात, म्हणून दोन्हीकडे घर्षण कमाल धरता येतं आणि गणित सुटतं. तसं नसेल तर नुसत्या स्टॅटिक्सच्या समीकरणांनी चारही बलं ठरत नाहीत.

टेकू:
पडताळ्याची आणखी एक पद्धत, फक्त पट्टीने. भिंतीची रिॲक्शन आडवी, ४ मीटर उंचीवर. एकूण वजनाची उभी रेषा पायापासून १.५ मीटरवर. दोन्ही जिथे छेदतात तिथूनच जमिनीची एकूण रिॲक्शन गेली पाहिजे, नाहीतर मोमेंट उरेल. पायापासून त्या बिंदूकडे रेघ ओढा: उभ्या रेषेपासूनचा तिचा कल १.५ ÷ ४ = ०.३७५, आणि ३०० ÷ ८०० सुद्धा ०.३७५. म्यू ०.४ असताना ही रेघ उभ्या रेषेपासून जास्तीत जास्त २१.८ अंश कलू शकते, इथे ती साधारण २०.६ अंशांवर आहे. माणूस वर सरकला की छेदबिंदू भिंतीकडे सरकतो आणि रेघ आणखी कलते.