मदत हवी आहे: जुन्या एसयूव्हीची सायलेन्सर लाईन गळते, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुशही गेले. घरी किती काम करावं?

नमस्कार मंडळी. गाडी 2009 ची डिझेल एसयूव्ही, पुढच्या सस्पेन्शनला डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा स्टीलचा दांडा). बाबांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही.

मागच्या आठवड्यात रामटेकहून नागपूरला परत येताना मागे बसलेली आई म्हणाली, "धुराचा वास येऊन राहिला रे." तेव्हापासून गाडी अंगणातच उभी आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, त्यामुळे काचा उघड्या ठेवून चालवा असं कृपया सुचवू नका.

इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. फ्लेक्सिबल पाईपच्या जाळीतून भरपूर बुडबुडे आले. पाईप ज्या रबरांवर लटकतो त्यातली दोन तुटलेली निघाली. सगळा ताण जाळीवर आला असणार, म्हणजे रबर आधी बदलायला हवेत. जाळीचा तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्यावा, की पुढचा अख्खा पाईपच बदलावा? पाईप काढूनच वेल्डरकडे नेईन, डिझेलच्या लाईनजवळ ठिणग्या नकोत. पण फ्लँजचे (पाईपच्या जोडाचे) नट गंजून जाम आहेत. दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारतोय, हलत नाहीत. स्टड (नट ज्यावर बसतात ते आटे) तुटू न देता कसे काढता?

दुसरं, स्पीड ब्रेकरवर डावीकडून खडखड. बॉल जॉइंट घट्ट आहेत, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा छोटा दांडा) सैल आहे, खालच्या आर्मचे बुश चिरलेत. हे बुश गेल्या वर्षीच एका गॅरेजमध्ये टाकले होते. चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, मी समोर उभा होतो. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं, मग किती टिकणार? म्हणून यावेळी बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, आणि स्वतःच्या हाताने.

लिंक रॉड मी बदलतो, जॅक स्टँड दोन आहेत. धास्ती टॉर्शन बारची आहे. अ‍ॅडजस्टर बोल्टवर खूण करून, किती फेरे सोडले ते मोजून ताण उतरवायचा, इथवर वाचलंय, केलेलं नाही. ज्यांनी घरी केलंय त्यांनी क्रम सविस्तर सांगा. की आर्मचं काम गॅरेजलाच द्यावं?

नागपुरात, हिंगणा रोडकडे असेल तर उत्तमच, फक्त बुश प्रेस करून देणारं वर्कशॉप माहीत आहे का? अलाइनमेंट त्यानंतर करून घेईनच. आईला महिनाअखेरीस पुन्हा रामटेकला जायचं आहे.