अमेरिकेत सरकारी निधी थांबल्यावर राखीव सैनिकांच्या प्रशिक्षणाचे काय होते?

खानापूरकर
नमस्कार. माझा पुतण्या अमेरिकेत नोकरी करतो आणि तिथल्या आर्मी रिझर्व्हमध्येही आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सरकारचा निधी थांबला, तेव्हा त्याचे शनिवार-रविवारचे ड्रिल, म्हणजे ठरलेले प्रशिक्षण, रद्द झाले. सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला, याला मात्र त्या दिवसांचे काहीच मिळालेले नाही. माझे थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले आहेत. त्यांना पैशांपेक्षा मुलाच्या सेवेत खंड पडतो की काय, याची काळजी अधिक आहे. आपल्याकडे टीएच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना) जवानांवर अशी वेळ का येत नाही, हेही जाणकारांनी सांगावे.

निपाणीकर
आपल्या बंधूंना आधी निश्चिंत करा. रिझर्व्हच्या निवृत्तिवेतनासाठी किमान ५० गुणांचे एक वर्ष, अशी २० वर्षे भरावी लागतात. सदस्यत्वाचे वर्षाला १५ गुण असतात, वर्षातील ४८ ड्रिलांचा प्रत्येकी एक आणि १४ दिवसांच्या वार्षिक प्रशिक्षणाचा दिवसाला एक. शनिवार-रविवार मिळून चार ड्रिल धरली जातात. म्हणजे एक खेप बुडाली तरी ७७ पैकी ७३ गुण उरतात. हे वर्ष सैनिकाच्या भरतीच्या तारखेपासून मोजतात, तिथल्या आर्थिक वर्षाप्रमाणे १ ऑक्टोबरपासून नव्हे, म्हणून त्याने आपली तारीख पाहून हिशेब करावा.

पगाराचे उत्तर मात्र कटू आहे. सक्तीच्या रजेवर पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना थकबाकी देण्याची हमी २०१९ च्या कायद्याने दिली आहे, पण ड्रिलचा पगार हजेरीवर मिळतो आणि जे ड्रिल झालेच नाही त्याची थकबाकी निर्माणच होत नाही. मंजुरीशिवाय खर्च करण्यास तिथे कायद्याने मनाई असल्यामुळे, अत्यावश्यक ठरवलेल्या कामाशी थेट संबंध नसलेली ड्रिल पुढे ढकलली जातात. २०१३ मध्येही हेच घडले होते. त्यामुळे पुतण्याने थकबाकी मागू नये. बदली ड्रिल कधी आहे, हे युनिटला लेखी विचारावे. ती तारीख कामाच्या दिवशी आली, तर त्याच्या मालकाला रजा नाकारता येत नाही. १९९४ च्या कायद्याचे तसे संरक्षण आहे.

टिळकवाडीकर
आपल्याकडचा फरक राज्यघटनेतच आहे. संसदेच्या मंजुरीवाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही, हा नियम आपल्यालाही लागू आहे (अनुच्छेद ११४), परंतु अर्थसंकल्प पूर्ण मंजूर होण्याआधी काही काळाचा खर्च भागवण्यासाठी अनुच्छेद ११६ मध्ये लेखानुदानाची सोय केलेली आहे. २०२४ मध्ये निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला मांडला गेला, तरी १ एप्रिलपासूनचा खर्च लेखानुदानावर चालला. शिवाय लोकसभेने सरकारची खर्चाची मागणीच फेटाळली, तर ते सरकार सत्तेवर राहू शकत नाही. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस (तिथली संसद) दोघेही आपापल्या जागी राहतात आणि तिढा लांबत जातो. २०२५ मध्ये तो ४३ दिवस लांबला.

माजी टीए जवान, बेळगाव
पगार आणि गुण यांचा हिशेब वर झालाच आहे. मला प्रशिक्षणाबद्दल सांगायचे आहे, कारण नुकसान तिथे अधिक होते. एरवी नोकरी-शेती करणाऱ्या माणसाचा हात बंदुकीवर फार थोडे दिवस असतो. त्यातच फायरिंगची पाळी चुकली, तर रेंज पुन्हा मिळवणे, दारूगोळ्याची मागणी करणे आणि सगळ्या सेक्शनला एका दिवशी गोळा करणे, हे सारे नव्याने जुळवावे लागते. पुढे दोन महिन्यांची ड्रिल एकात कोंबली, तर कागद पूर्ण होतो आणि नवीन पोरे कच्ची राहतात. आपल्या पुतण्याला सांगा, बदली ड्रिलची तारीख विचारताना चुकलेले फायरिंग त्याच वेळी होणार आहे का, हेही विचारून घे.

खानापूरकर
सर्वांचे मनापासून आभार. भरतीची तारीख त्याच्याकडून मागवली आहे, आणि फायरिंगचा प्रश्न दादा स्वतः त्याला फोनवर विचारणार आहेत.