अडेनिन आहारावरच्या उंदरांचं हृदय जाड झालंय की लहान?

पेशीभित्ती

नमस्कार. क्रॉनिक किडनी डिसीजमुळे होणाऱ्या हृदयविकारावर पोस्टडॉक चालू आहे. प्रयोग असा: सी५७बीएल/६ जातीचे नर उंदीर, ८ आठवड्यांचे. ०.२ टक्के अडेनिन (मूत्रपिंड बिघडवण्यासाठी) घातलेला आहार ६ आठवडे. कंट्रोलला तोच आहार अडेनिनशिवाय, हवा तितका.

बीयूएन (रक्तातलं युरिया नायट्रोजन) भरपूर चढलंय, मूत्रपिंडं फिकट आणि खडबडीत आहेत, तेव्हा किडनीचा आजार लागला यात शंका नाही. घोळ हृदयाच्या आकड्यांत आहे. कंट्रोलचं सरासरी वजन २५ ग्रॅम, हृदय १२५ मिग्रॅ. अडेनिन गटाचं १९ ग्रॅम आणि १०८ मिग्रॅ. शरीराच्या वजनाने भागलं तर ५.० विरुद्ध ५.७, म्हणजे हायपरट्रॉफी (हृदयस्नायू वाढणं). टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) लांबीने भागलं (१७.५ आणि १७.२ मिमी) तर ७.१ विरुद्ध ६.३, म्हणजे हृदय उलट लहान झालंय. इकोत भिंत जाड दिसते. टेल-कफवर (शेपटीच्या पट्ट्यावर) बीपी वाढलेलं नाही. इन्टॅक्ट (अखंड) एफजीएफ२३, म्हणजे फॉस्फेट सांभाळणारं संप्रेरक, मात्र कैकपट वाढलंय.

यातलं खरं काय मानायचं? फेलोशिपचं एक वर्ष उरलंय. मॉडेल बदलावं का?

नेफ्रॉन

टिबियाचा आकडा धरा. दोन्ही गटांत शरीराच्या वजनात २४ टक्के फरक आहे, हृदयाच्या वजनात साधारण १४ टक्के. भाजक जास्त आक्रसला म्हणून भागाकार फुगला. वजन घटवणाऱ्या कुठल्याही मॉडेलमध्ये ५.७ हा आकडा हायपरट्रॉफी म्हणून मांडू नका, परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

पण एवढ्यावरून हृदयाला काही झालंच नाही असंही ठरत नाही. अडेनिनवरचे उंदीर कमी खातात, आणि अर्धपोटी उंदराचं हृदय तसंही लहान होतं. खरा प्रश्न असा की उपासमारीने जितकं लहान व्हायला हवं होतं तितकं झालं का, की कमी झालं? याचं उत्तर हवा तितका खाणारा कंट्रोल देऊ शकत नाही. पेअर-फेड गट (अडेनिन गट खातो तेवढाच, पण अडेनिनशिवायचा आहार मिळणारा) लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. सगळी अडचण इथे आहे.

पेअर-फीडिंगमध्ये दोन ठिकाणी हमखास चुकतं. अडेनिनची चव उंदरांना आवडत नाही, ते गोळी कुरतडून चुरा खाली टाकतात. पिंजऱ्याचा तळ चाळून तो चुरा तोलला नाही तर खाल्लेलं अन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त धरलं जातं आणि पेअर-फेड उंदीर धष्टपुष्ट राहतात. दुसरं, आदल्या दिवशीचं मोजमाप करून दिलेलं अन्न पेअर-फेड उंदीर काही तासांत संपवतो आणि उरलेला दिवस उपाशी राहतो, म्हणजे त्याच्यावर वेगळाच प्रयोग होतो. दोन वेळा विभागून द्या, थोडं सकाळी आणि जास्त संध्याकाळी. एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवला तरच हिशेब लागतो.

आहार केसीनवर (दुधातल्या प्रथिनावर) आधारलेला घ्या, त्याने अडेनिनचा वास आणि चव झाकली जाते. वजन दर दोन दिवसांनी घ्या. स्वतःच्या सुरुवातीच्या वजनाच्या १५ टक्के घट दिसली की ०.१५ टक्क्यावर उतरा, किंवा काही दिवस साधा आहार द्या. तुम्ही सुरुवातीचं वजन दिलेलं नाही. गटागटातला फरक आणि त्याच उंदराची घट या वेगळ्या गोष्टी आहेत, पेपरमध्ये दोन्ही द्या.

बीपी न वाढण्याचं कारण किडनीतच आहे. अडेनिनपासून २,८-डायहायड्रॉक्सिअडेनिनचे स्फटिक बनतात, ते नलिकांत अडकतात, आणि लघवी दाट करण्याची क्षमता जाते. पिंजऱ्यातला भुसा दुसऱ्या दिवशीच ओला दिसतो तो त्यामुळे. हा उंदीर पाणी साठवून बसलेला नसतो, गमावत असतो. पाण्याच्या दोन बाटल्या लावा. एकीचं तोंड रात्रीत अडलं तर सकाळी मेलेला उंदीर मिळतो, आणि तो मृत्यू युरेमियाच्या (किडनी बिघडून रक्तात साठलेल्या घाणीच्या) खात्यावर जातो.

लयबद्ध

इकोतल्या जाड भिंतीबद्दल. पाणी कमी झालेल्या उंदरात एलव्हीची (डाव्या जवनिकेची) पोकळी आक्रसते आणि तेवढ्याच स्नायूची भिंत जाड दिसते. स्नायू वाढलेलाच नसतो. म्हणून नुसती जाडी सांगू नका, एलव्हीआयडी (पोकळीचा व्यास) सोबत द्या. पोकळी लहान आणि एलव्ही मास (स्नायूचं वजन) तेवढाच किंवा कमी, असं असेल तर ती खोटी हायपरट्रॉफी.

एम-मोडच्या (इकोत एकाच रेषेवर केलेल्या मोजणीच्या) घन सूत्राला किंचित चूकही महाग पडते. पोकळी ३.८ मिमी आणि दोन्ही भिंती ०.८ मिमी असतील तर मास १०८ मिग्रॅच्या आसपास येतो. कर्सर जरा सरकला आणि भिंती ०.९ मोजल्या गेल्या तर १२७. दशांश मिलिमीटरच्या चुकीने तुमची पूर्ण हायपरट्रॉफी तयार होते! मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, आणि तीन ठोक्यांची सरासरी हवी.

युरेमिक उंदीर आयसोफ्लुरेनला (भुलीच्या औषधाला) फार हळवा असतो. सुरुवात ३ टक्क्यांवर, मग १ ते १.५ वर आणा. नाडी ४५०च्या खाली गेली तर ते चित्र टाकून द्या. केस काढण्याचं क्रीम पुसताना ओलं अंग गार पडतं आणि नाडी पडते, तेव्हा तापता पाट आधीच ३७ अंशांवर असू द्या. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिस्सा) या आजारात बरेचदा शाबूत राहतं, बिघाड डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडून भरताना) शोधा. वेगवान नाडीत रक्त भरण्याच्या ई आणि ए लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ई/ए ऐवजी टिश्यू डॉप्लरवरचं (स्नायूच्या हालचालीचा वेग मोजून काढलेलं) ई/ई-प्राइम घ्या.

काचपट्टी

उंदीर संपले असले तरी ऊतक ठेवलेलं असेल तर बरंच निघेल. डब्ल्यूजीए या रंजकाने पेशींच्या कडा रंगवून कार्डिओमायोसाइटचं (हृदयस्नायूच्या पेशीचं) छेदक्षेत्र मोजा. केंद्रक मधोमध आणि भोवतीच्या केशिका गोल दिसतात अशाच पेशी घ्या, नाहीतर तिरका काप मोठ्या पेशीसारखा मोजला जातो. एका हृदयातून निदान १०० पेशी. फायब्रोसिससाठी (साठलेल्या चिवट तंतूंसाठी) पिक्रोसिरियस रेड हा रंग. टोकाचा तुकडा गोठवलेला असेल तर एनपीपीए, एनपीपीबी आणि एमवायएच७ ही हृदयावर ताण आला की चढणारी जनुकं बघा. वजन घटूनही ही जनुकं चढलेली असतील आणि फायब्रोसिस असेल तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

पुढच्या फेरीसाठी: रक्त हृदयात सुई घालून काढू नका. भोक पडतं, आत रक्त मुरतं, वजन आणि काप दोन्ही जातात. खालच्या महाशिरेतून काढा. हृदय पोटॅशियम क्लोराइडने डायस्टोलमध्ये थांबवा, आकुंचन पावलेलं हृदय कापात जाड दिसतं. अलिंदं कापून एलव्ही आणि आरव्ही (उजवी जवनिका) वेगळे तोला. क्रिएटिनिन याफे (रंगावरून मोजण्याच्या) पद्धतीने केलं असेल तर विसरा, उंदराच्या रक्तातले इतर पदार्थही त्यात रंग देतात. एन्झाइमॅटिक किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री.

एफजीएफ२३बद्दल. २०११ मध्ये ख्रिश्चन फॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एफजीएफ२३ टोचलं की उंदराचा एलव्ही जाड होतो, तेही क्लोथो या त्याच्या नेहमीच्या साथीदार प्रथिनाशिवाय. पुढे २०१५ मध्ये तो मार्ग एफजीएफआर४ या ग्राहीमधून जातो हे आलं. पण एक्सएलएच या आनुवंशिक आजारात एफजीएफ२३ जन्मभर चढलेलं असतं, फॉस्फेट मात्र कमी, आणि तिथे हायपरट्रॉफी सातत्याने दिसत नाही. म्हणजे तो एकटा पुरत नाही. फॉस्फेट, दाब, साठलेलं पाणी यांची साथ लागते, आणि तुमच्या उंदरात दाब वाढलेला नाही आणि पाणी उलट दिशेला आहे.

पेशीभित्ती

सर्वांचे आभार. ५/६ नेफ्रेक्टॉमीकडे (मूत्रपिंडांचा सहात पाच भाग काढण्याकडे) वळलं तर?

नेफ्रॉन

सी५७वर नको. ही जात त्या शस्त्रक्रियेला दाद देत नाही, दाब फारसा चढत नाही. १२९/एसव्ही घ्या. आधी डाव्या मूत्रपिंडाची दोन्ही टोकं, आठवड्याने उजवं पूर्ण. अधिवृक्क ग्रंथी सोलून बाजूला करा, ती सोबत निघाली तर उंदीर हातचा गेला. टोकं कापण्याऐवजी धमनीच्या फांद्या बांधल्या तर रेनिन वाढून दाब जास्त चढतो. मग हृदय दाबाने जाड झालं की युरेमियाने, हे वेगळं काढणं कठीण.

रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठणं हा विषय असता तर अडेनिन आणि जादा फॉस्फेटवर डीबीए/२ सुचवलं असतं. तुमचा प्रश्न हृदयस्नायूचा आहे. एका वर्षात मी मॉडेल बदलणार नाही. नवी जात आणि शस्त्रक्रिया म्हणजे आयएईसीकडे (प्राणिप्रयोगांच्या नीतिसमितीकडे) सुधारित प्रस्ताव, मंजुरी, हात बसणं, मग ८ ते १२ आठवडे वाट पाहणं. अडेनिनवरच पेअर-फेड गटासकट एक फेरी करा. पेअर-फेड गटासाठीही मंजुरीत बदल लागेलच, अर्ज आज टाका.

आणि टिबिया पुन्हा मोजा. मांस काढायला हाड उकळलं असेल तर कोवळ्या उंदरात गुडघ्याकडचं टोक वाढीच्या रेषेवर सुटतं आणि लांबी कमी भरते. प्रोटिनेज केमध्ये रात्रभर ठेवून, टोक जागेवर असल्याचं भिंगाखाली बघून, मग कॅलिपर लावा.