मदत हवी आहे: रविवारच्या आत सिटीवाल्यांना काय उत्तर द्यावं?

राम राम मंडळी. मी परभणीचा, इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा चाहता. रविवारी मँचेस्टर सिटीशी मॅच आहे, आणि आमच्या चहाच्या टपरीवर सिटीवाले जास्त. (जिंकणाऱ्याच्या मागं जायला काय लागतंय!)

माझं म्हणणं एवढंच, की 2008 मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या कंपनीनं क्लब घेतला नसता, तर हे वैभव दिसलं नसतं. त्यावर एक पोरगं लगेच म्हणतं, "भाऊ, तुमच्या आर्सेनलच्या डेक्लन राइस या खेळाडूला घ्यायला 10 कोटी पौंडांच्या वर कुणी मोजले? तुमचा मालक काय कोरडवाहू शेतकरी हाय का?" इथं माझी बोलती बंद. आमचे मालक क्रोंके अब्जाधीश आहेतच.

पण मला खटकतं ते वेगळं. सिटीच्या शर्टावर एतिहाद, स्टेडियमला नाव एतिहादचं, आणि ती विमान कंपनीही अबुधाबीचीच. मोंढ्यात घरच्याच आडत्यानं घरच्या सोयाबीनला मनाला येईल तो भाव लावावा, तसलं वाटतं. प्रीमियर लीगनं (हे क्लब जिच्यात खेळतात ती इंग्लंडची स्पर्धा) फेब्रुवारी 2023 मध्ये सिटीवर शंभराहून जास्त आरोप ठेवले, क्लबनं ते फेटाळले, हे माहीत आहे. न्यूकॅसल हा दुसरा क्लब सौदीच्या सरकारी फंडानं घेतल्यावर 2021 मध्येच लीगनं अशा घरगुती करारांवर नियमही केले.

तर जाणकारांनो, अशा स्पॉन्सरशिपचा 'वाजवी बाजारभाव' नेमका ठरवतात कसा? कुणी सोप्या मराठीत समजावून सांगेल का? शिव्या नकोत, मुद्दे द्या. शिव्या आमच्याकडं भरपूर आहेत.