आईच्या खुब्यात रिकॉल झालेला सांधा आहे का, कसं कळणार?

शिरोळची_लेक
आईचा उजवा खुबा 2008 ला बदललाय, मिरजेत. आता ती 71 वर्षांची आहे. दिवाळीपासून जांघेत दुखतंय म्हणते, जिना चढताना कटकट आवाज येतो, आम्ही वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. परवा मामा म्हणाला त्या काळातले काही सांधे कंपनीने परत मागवले होते, तेव्हापासून मला झोप नाहीये. डिस्चार्ज कार्डावर नुसतं टोटल हिप रिप्लेसमेंट, कंपनीचं नाव नाही. आम्हाला कधी पत्र नाही, फोन नाही. म्हणजे आपला त्यातला नाही असं धरायचं का?

सांधेवाला_काका
अजिबात धरू नका. मामा बहुतेक डेप्यू कंपनीच्या एएसआर नावाच्या सांध्याबद्दल बोलत असतील. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा, घासून घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जायचे. ऑस्ट्रेलियात 2009 च्या डिसेंबरातच बाजारातून काढला, जगभरात रिकॉल ऑगस्ट 2010 मध्ये, कारण ब्रिटनच्या रजिस्ट्रीत (सांध्यांच्या नोंदवहीत) 5 वर्षांत 12-13 टक्के लोकांना परत ऑपरेशन लागलेलं दिसलं. तिथे प्रत्येक सांध्याची नोंद होते म्हणून दिसलं तरी. भारतात सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली, आणि केंद्राच्या समितीचा रिपोर्ट 2018 ला आला तोवर त्यातल्या बहुतेक पेशंटचा पत्ताच लागलेला नव्हता. त्यामुळे पत्र आलं नाही याला काही अर्थ नाही. पण आईचा तोच असेल असंही नाही हां, त्या वेळी प्लास्टिकची वाटी असलेले सांधे भरपूर बसवायचे.

ओटी_सिस्टर
ताई, इम्प्लांटच्या खोक्यात स्टिकर येतात, वाटीचा वेगळा, गोळ्याचा वेगळा, स्टेमचा (मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्याचा) वेगळा. एक संच केसपेपरला चिकटवतो, कधी बिलाला पण. त्यावर रेफ (मॉडेलचा) आणि लॉट (बॅचचा) नंबर असतो, तो मिळाला की झालं. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, रेकॉर्ड असेल तर 72 तासांत देणं नियमात आहे, पण ठेवायची सक्ती 3 वर्षांचीच त्यामुळे 2008 चं मिळेलच असं नाही. आधी घरची कपाटं शोधा. आणि स्टिकर नाही मिळाला तरी एक्सरे घेऊन ऑर्थोकडे जाच, मेटल-ऑन-मेटल (वाटी-गोळा दोन्ही धातूचे) आहे का याचा अंदाज अनुभवी सर्जनला येतो, मग रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासतात. दुखतंय तर थांबू नका प्लीज.

सातारकर७२
रिकॉल म्हटलं की लगेच काढावं लागतं असं नसतं, आईंना हे नक्की सांगा. 2017 ला ॲबट कंपनीच्या पेसमेकरचा रिकॉल झाला, एकट्या अमेरिकेत 4,65,000, तिथे क्लिनिकमध्ये जाऊन 3 मिनिटांचं सॉफ्टवेअर अपडेट एवढंच होतं. माझ्या वडिलांच्या पेसमेकरला (कंपनी दुसरी) सेफ्टी नोटीस निघाली तेव्हा पण काढला नाही, तपासणी 6 ऐवजी 3 महिन्यांनी केली फक्त. हो, आणि तक्रार पेशंटला स्वतः करता येते, 2015 पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या त्रासाची नोंद) म्हणून आहे.

शिरोळची_लेक
सापडलं!! एलआयसीच्या फाईलमध्ये जुनं बिल होतं, मागे दोन स्टिकर, वाटी आणि गोळ्याचा, स्टेमचा नाहीये. सोमवारी सर्जनची वेळ घेतलीय. स्टेमचा नसला तर चालेल ना?

ओटी_सिस्टर
चालेल, वाटी आणि गोळाच महत्त्वाचा. आधी दोन्हीचे फोटो काढून ठेवा, बिलावरची शाई उडते.