मदत हवी आहे: मुलीचं इन्सुलिन दर महिन्याला पाच दिवस कमी पडतं

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. तालुक्याचं गाव आमच्यापासून २२ किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा. मुलगी चौदा वर्षांची, यंदा नववीत जाईल. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात ती एकदम वाळली, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायची, आणि एक दिवस उलट्या करता करता बेशुद्ध झाली. जिल्ह्याला नेलं तेव्हा कळलं, टाइप १ मधुमेह. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. गोळी चालत नाही, पथ्याने भागत नाही, एक दिवसही सुटी नाही.

तिला ३०/७० ची बाटली चालू आहे, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन एकत्र मिसळलेली, ४० युनिटवाली (एका मिलीत ४० युनिट). सकाळी २० युनिट, संध्याकाळी १२. म्हणजे दिवसाला ३२. एका बाटलीत १० मिली, म्हणजे ४०० युनिट. आम्हाला सरकारी दवाखान्यातून महिन्याला दोन बाटल्या मिळतात, ८०० युनिट. भागून बघा, बरोबर २५ दिवस. सिरिंजमधला बुडबुडा काढताना थेंबभर जातं ते वेगळंच. खिडकीवर विचारलं तर म्हणतात, "एका पेशंटला दोनच लिहायच्या, वरून तसंच आहे." मोठ्या माणसाला दोन पुरत असतील. वाढत्या वयाच्या पोरीला पुरत नाहीत, आणि तिचा डोस वाढतच जाणार आहे असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

हे पाच दिवस आम्ही विकत घेऊन काढत होतो. एक बाटली विकत घेणं आम्हाला जमतं, ओढाताण होते पण जमतं. खरी अडचण चिठ्ठीची आहे. आधीचे डॉक्टर मुलीला नावाने ओळखायचे, त्यांची बदली झाली. नवीन डॉक्टर म्हणतात जिल्ह्याचा कागद आणा. जिल्ह्याच्या कागदावर फक्त "सेम ट्रीटमेंट कंटिन्यू" लिहिलंय, किती बाटल्या, किती महिने, काहीच नाही. तालुक्याला फिजिशियन बुधवारीच बसतात, चिठ्ठी एका महिन्याची देतात. मेडिकलवाला भला माणूस आहे, पण तोही म्हणतो, "काकू, हे चिठ्ठी जुनी झाली न, नवीन घेऊन या." फेब्रुवारीपासून दोनदा असं झालं की बुधवारी नवी चिठ्ठी घेतली तर खिडकीवर स्टॉक नव्हता, आणि स्टॉक आला तेव्हा चिठ्ठी जुनी. एका फेरीत माझी एक दिवसाची मजुरी जाते, मुलीची शाळा बुडते. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून भाड्याचा भार तेवढा हलका झाला, नाहीतर ह्या फेऱ्या झाल्याच नसत्या.

आता ज्या गोष्टीमुळे लिहायला बसले ती सांगते.

एप्रिलमध्ये सत्ताविसाव्या दिवशी मी बाटली उजेडात धरली तर तळाला थोडं औषध दिसलं. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, या वेळी पुरलं. मग तिची वही काढली. ती रोज साखर लिहून ठेवते. २८०, ३१०, २९५, एक दिवस नुसतं "HI", म्हणजे इतकी जास्त की मशीनला मोजताच आली नाही. मी विचारलं तर आधी बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, मी सकाळी सोळाच घेते. मंग बाटली पुरते. तू कायले एवढी टेन्शन घेतं?" तीन आठवडे ती चार-चार युनिट कमी घेत होती, आणि मी समोर बसून भाकरी थापत होते. सिरिंज ती स्वतः भरते, मी कौतुकाने कधी बघितलंच नाही.

दुसरा प्रसंग मे महिन्यातला. बाटली कुठेच मिळेना म्हणून दिराने नागपूरहून आणून दिलं. तोच ३०/७०, तेच नाव, पण पेनात घालायची छोटी काचेची नळी होती, ३ मिलीची. पेन आमच्याकडे नाही. मुलीने नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजने ते ओढायला घेतलं. माझी नजर लेबलवर गेली, तिथे ४० च्या जागी १०० लिहिलं होतं. मी थांबवलं आणि आशाताईला फोन लावला. त्यांनी नर्सबाईंना विचारून सांगितलं की लाल टोपणाची सिरिंज ४० वाल्या बाटलीसाठी, १०० वाल्यासाठी केशरी टोपणाची. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ते १०० वालं भरलं असतं तर मुलीच्या अंगात ५० युनिट गेले असते. अजून आठवलं की हात गार पडतात. ज्यांच्या घरी असं बाहेरून आणलेलं येतं त्यांनी लेबलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवल्याशिवाय सुई लावू नका.

मला इतकंच विचारायचं आहे. दर महिन्याला तीन बाटल्या लिहून घ्यायला कुठला कागद लागतो, आणि तो कोण देतो? चिठ्ठी सहा महिन्यांची करून मिळते का? आणि स्टॉक संपलेला असतो तेव्हा फेरी मारण्याआधी कुठे विचारता येतं? ठेवण्याचंही विचारते, कारण फ्रिज शेजारच्यांकडे आहे आणि सध्या पारा ४५ च्या वर, लाईन दुपारी जातेच. मी माठात ठेवते. मोठ्या पसरट कुंडीत वाळू, वाळूवर लहान माठ, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि माठात बाटली प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, लेबल भिजू नये म्हणून. माठ हाताला गार लागतो, पण एवढं पुरेसं आहे का?

——

प्रतिसाद (अमरावतीहून)

ताई, मला स्वतःला अठरा वर्षांपासून टाइप १ आहे. लेकीला रागावू नका. बाटली पुरवून वापरणं मीही कॉलेजात केलंय, घरच्यांना सांगितलं नव्हतं. तिला एवढं जरूर समजवा की तोंडाला फळासारखा वास, पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात श्वास, ह्यातलं काही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना, १०८ ला फोन. आणि ताप-उलट्या असल्या, जेवण गेलं नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. माझी हीच चूक झाली होती आणि तीन दिवस आयसीयूत होतो. लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल) बघायच्या पट्ट्या मिळतात, एक डबी घरात ठेवा.

नागपूरला ड्रीम ट्रस्ट आहे. गरीब घरच्या टाइप १ च्या मुलांना ते इन्सुलिन आणि सिरिंज मोफत देतात, आणि मुलांना शिकवतातही. एकदा मुलीला घेऊन जाऊन या. तिच्या वयाची, सुई घेणारी दुसरी पोरं ती तिथे बघेल. मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माझ्यासारखं दुसरं कोणी भेटलं नव्हतं, म्हणून सांगतो.

——

प्रतिसाद (वर्धा जिल्हा, फार्मासिस्ट)

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गणितात आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नुसतं "सेम ट्रीटमेंट" घेऊ नका. रोजचे युनिट ३२, महिन्याचे ९६०, म्हणून ४० च्या ३ बाटल्या, असं अंकात लिहून घ्या. शक्ती "४० आययू/मिली" स्पष्ट हवी, म्हणजे कोणी १०० वाली हातात देणार नाही. सिरिंजही त्याच चिठ्ठीवर, ४० ची.

चिठ्ठी परत परत चालण्याबद्दल: औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ मध्ये असं आहे की डॉक्टरने लिहिलं नसेल तर चिठ्ठीवरचं औषध एकदाच द्यायचं. पण "इतक्या वेळा द्यावे" किंवा "इतक्या अंतराने द्यावे" असं डॉक्टरने लिहिलं असेल तर त्याप्रमाणे देता येतं. मेडिकलवाला अडवतो तो ह्याच भीतीने. "दरमहा ३ बाटल्या, ६ महिने, दर महिन्याला द्याव्यात" असं लिहिलेलं, सही, शिक्का, तारीख, नोंदणी क्रमांक असलेला कागद आणलात तर त्याचीही अडचण सुटते. तो दर वेळी मागे शिक्का मारून तारीख टाकेल.

बुधवारची वाट बघण्यापेक्षा गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांच्याकडून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर, डॉक्टरांशी बोलता येतं. चिठ्ठी तिथेच निघते. मुलीचा जुना कागद आणि साखरेची वही समोर ठेवा.

स्टॉकचं. ग्रामीण रुग्णालयाच्या एनसीडी (मधुमेह, बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) विभागात मुलीचं नाव कायमच्या पेशंटच्या यादीत आहे का, ते आधी बघा. नाव नसेल तर त्यांची मागणीच कमी जाते. वैद्यकीय अधीक्षकांना साधा अर्ज द्या, पोच घ्या. स्टॉक नसताना रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते, पण कोणी लेखी मागितलं तर. औषध कुठेच मिळत नसेल तर एनपीपीएचं (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं) "फार्मा जन समाधान" आहे, तिथे तुटवड्याची तक्रार नोंदवता येते. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा, तिथली बाटली स्वस्त पडते.

एक विनंती. ३०/७० नाही म्हणून कोणी ५०/५० दिली, किंवा पारदर्शक साधं इन्सुलिन दिलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोच डोस टोचू नका. बाटलीचं नाव एकच असतं, काम वेगळं असतं.

माठ तुम्ही ठेवता तसाच योग्य आहे. चालू बाटली ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे चालते, तुमची त्याआधीच संपते. न उघडलेली मात्र शेजारच्या फ्रिजमध्येच, दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन परत वितळवून वापरायचं नाही. माठात साधा थर्मामीटर मिळाला तर टाका, अंदाजाची गरज राहणार नाही. टोचण्याआधी बाटली तळहातात हळू फिरवा, जोरात हलवू नका. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरं चिकटलं तर ती बाटली बाद.

——

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण मधे पेरणीची गडबड.

उपकेंद्रात गेले. तिथल्या मॅडमनी ई-संजीवनी लावून दिली, डॉक्टरांनी वही मागितली आणि ते २८०-३१० बघून मुलीलाच विचारलं, किती दिवस कमी घेतेस? तिने खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, आता साखर रोज चार वेळा बघ, मग डोस ठरवू. तालुक्याला जाऊन कागद करून घेतला, फार्मासिस्ट दादांनी सांगितलं तसाच. "३२ युनिट रोज, ४० आययू/मिली, ३ बाटल्या दरमहा, ६ महिने." अर्ज दिला, पोच घेतली. नाव यादीत नव्हतं. चार वर्षं औषध घेतोय आणि नाव नव्हतं. आता घातलं. खिडकीवर या वेळी दोनच मिळाल्या, पण तिसरी "बाकी" म्हणून रजिस्टरमध्ये लिहिली, माझ्यासमोर. तिसरी मेडिकलमधून त्याच कागदावर घेतली, मागे शिक्का मारून दिला.

माठात थर्मामीटर ठेवला. बाहेर ४३ होतं तेव्हा आत २७. मुलगी दर दोन तासांनी जाऊन बघायची. सिरिंज ती भरते, मी रेघ बघते, मग ती टोचते. आधी तिला आवडलं नाही, आता स्वतःच पुढे करते.

एकच प्रश्न राहिला. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ गार होत नाही, हे दर वर्षी बघतोय. आणि आमच्या नाल्याला पूर आला की तालुक्याचा रस्ता दोन-तीन दिवस बंद, कधी जास्त. जुलैआधी एक बाटली राखीव म्हणून घरात हवी. शेजारी फ्रिजमध्ये ठेवायला तयार आहेत. ही जास्तीची बाटली डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कोणत्या शब्दांत लिहून घ्यायची? कोणी असं लिहून घेतलं असेल तर तो मजकूर जसाच्या तसा इथे टाका, मी बुधवारी घेऊन जाते.